जिप्सी उजवीकडे बसते, पाटे तीनदा कमान करून आणले तरी परत तेच, शेवटी दोष पुढे निघाला

माझी मारुतीची जिप्सी किंग आहे, फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना जोर देणारी गाडी, २००६ ची, हार्डटॉप म्हणजे पक्क्या छताची. गेली दोन अडीच वर्षं ती उजवीकडे म्हणजे ड्रायव्हर साईडला बसायची, त्या बाजूला खाली कलायची. फार नाही, दीड बोट असेल, चालता चालता बघणाऱ्याला कळणार पण नाही, पण मागे दहा पावलं जाऊन बंपरकडे बघितलं की दिसायचं आणि एकदा दिसलं की मग डोळा तिथंच जातो. या काळात मागचा उजवा पाटा, म्हणजे गाडीचं वजन धरणारी पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, तीन वेळा कमान करून म्हणजे परत बाक देऊन आणला. दर वेळी गाडी सरळ व्हायची, चार महिने बरं चालायचं, एक पावसाळा काढला की परत बसलीच. आता आठ महिने झाले गाडी सरळ आहे आणि डाव्या उजव्यातला फरक हललेला नाही म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. ज्यांच्या गाड्यांना हा त्रास आहे त्यातले बरेच जण मी करत होतो तेच करतात, म्हणजे जो कोपरा खाली दिसतो तोच कोपरा उचलायला जातात.

आधी गाडीचा वापर सांगतो कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. राहायला कराड, शेत पाटण तालुक्यात वरच्या अंगाला, शेवटचे तीन किलोमीटर कच्चा रस्ता, एक ओढा आडवा, पावसात लाल चिखल. बहुतेक वेळा गाडीत मी एकटाच, मागे उजव्या बाजूला शेतातल्या इंजिनच्या डिझेलचा २० लिटरचा कॅन आणि त्याच्याच शेजारी टूलबॉक्स. हे सामान उजवीकडेच का, तर मागचा दरवाजा उघडला की तिथं हात पोचतो, दुसरं काही कारण नाही. माझं वजन ८५, कॅन भरलेला असला की १९-२० किलो, टूलबॉक्स आणि साखळी मिळून २५. म्हणजे जेमतेम हजार किलोच्या गाडीत १३० किलो कायम एकाच बाजूला. हे मी लिहून काढलं तेव्हा मलाच जाणवलं, तोपर्यंत त्याचा विचारच केला नव्हता.

तर पहिलं काम, गाडी खरंच कलतेय का हे बघा. हसू नका, माझ्या दारातली फरशी पाणी जायला म्हणून एका बाजूला उताराची आहे, तिथं कुठलीही गाडी कललेलीच दिसणार. गवंडी लोक वापरतात ती लेव्हलची पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका, आणि चारही टायर जिथं टेकतात त्या चार जागांची लेव्हल बघा. फरशी सरळ नसेल तर जी जागा खाली आहे तिथं प्लायचे तुकडे ठेवून चारही जागा सारख्या करा, मग त्याच्यावर गाडी चढवा. पेट्रोल पंपाच्या काँक्रीटवर वगैरे नुसत्या डोळ्यांनी ठरवू नका, पाणी जायला तिथं पण उतार दिलेला असतो. आणि रस्त्यावर तर नाहीच, रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, आपण डावीकडून चालतो त्यामुळं गाडी रस्त्यावर थोडी डावीकडे झुकलेली असते. माझी उजवीकडे बसायची ते रस्त्यावर झाकलं जायचं आणि घरी आलं की दिसायचं.

मग चारही टायरची हवा सारखी करा. टायर सारख्याच साईजचे आणि साधारण सारखेच झिजलेले आहेत का बघा, एका बाजूला नवीन आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत असतील तर तिथंच सात आठ मिलिमीटर जातात. गाडी रिकामी करा, कॅन, टूलबॉक्स, गोणी सगळं खाली. आणि पाट्याच्या गाडीत हे विसरू नका, पाटे एकमेकांवर घासतात, त्या घर्षणामुळं गाडी जिथं थांबेल तिथंच अडकून राहते, एका बाजूनं उतरून बघितलं तर एक माप आणि जरा हलवून बघितलं तर दुसरं. म्हणून गाडी दहा पंधरा फूट पुढे मागे करा, चारही कोपरे दाबून चांगली हलवा, मग टेप लावा. मी तीन वेळा असं करून तीन मापं घेतो आणि मधलं धरतो.

माप जमिनीपासून मडगार्डपर्यंत घेऊ नका, व्हील हबच्या म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत घ्या म्हणजे टायरचा फरक त्यात येत नाही. पण जुन्या गाडीचा पत्रा कधी ना कधी ठोकलेला असतो, म्हणून दुसरं माप खालून, एक्सलच्या (दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा) नळीच्या वरच्या कडेपासून चासीपर्यंत, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत. ही दोन मापं जुळत नसतील, म्हणजे चासी सरळ आणि बॉडी तिरकी असेल तर सस्पेन्शनला हात लावायचाच नाही, बॉडी आणि चासीच्या मधले रबर माउंट बसलेत किंवा तिथला ब्रॅकेट गंजलाय. माझ्या एका मित्राच्या गाडीत नेमकं हेच निघालं, एका बाजूचे दोन रबर भाकरीसारखे चपटे झाले होते, आणि पाट्यांवर त्यानं आधीच खर्च करून झाला होता.

माझी मापं अशी आली: पुढे डावीकडे ४५२, उजवीकडे ४३१. मागे डावीकडे ४४७, उजवीकडे ४२५. सगळं मिलिमीटरमध्ये. म्हणजे पुढे २१ चा फरक, मागे २२ चा. आता ही मापं बघून दोष पुढे की मागे ते सांगा. नाही सांगता येत, आणि खरी गोम इथंच आहे. चासी ही एक कडक शिडी आहे, थोडी पिळते पण फार नाही, त्यामुळं एका कोपऱ्यातला पाटा बसला की पूर्ण बाजूच खाली येते, पुढे पण आणि मागे पण, फरक जवळजवळ सारखाच दिसतो. मला दोष मागे वाटायचा कारण मागे सामान असतं आणि मागून बघितलं की बंपरची सरळ रेघ डोळ्यात भरते. पाटेवाल्यांनी पण मी जे दाखवलं तेच धरलं, त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, मी पाटा खोलून हातात घेऊनच जायचो, गाडी त्यांनी बघितलीच नव्हती.

पुढे की मागे हे ठरवायची एक पद्धत आहे आणि ती घरी करता येते. पुढच्या भागाला गाडी डावी उजवी धरून ठेवण्याच्या कामातून मोकळं करायचं. त्यासाठी मागच्या दोन्ही चाकांना पुढून मागून दगड किंवा लाकडी ओंडके लावा, फोर बाय फोर असेल तर लो मध्ये (जास्त जोराच्या गिअरमध्ये) टाका, आणि जॅक पुढच्या चासीच्या आडव्या मेंबरच्या बरोबर मध्यावर लावा, वर एक लाकडाचा ठोकळा ठेवून. हाउसिंगखाली म्हणजे एक्सलच्या नळीखाली लावायचा नाही, हाउसिंगखाली लावला तर पाटे तसेच मध्ये राहतात आणि काहीच कळत नाही. चासी एवढीच उचला की पुढच्या पाट्यांवरचा भार जवळजवळ निघून जाईल. आता पुढचा भाग एका टेकूवर आहे, तो कुठल्याही बाजूला कलायला मोकळा आहे, म्हणजे जो कल उरेल तो फक्त मागच्या पाट्यांमुळं. दोन्ही बाजूला चासीखाली स्टँड ठेवा, बोटभर जागा सोडून, कारण गाडी एका टेकूवर असते आणि घसरू शकते. या वेळी खाली कुणीही जायचं नाही, माप बाहेरून हात घालून घ्यायचं. तुमच्या गाडीला अँटी रोल बार (गाडी कलू नये म्हणून डावी उजवी बाजू जोडणारा दांडा) असेल तर त्याची लिंक आधी सोडा, नाहीतर तो पण मध्ये धरून ठेवतो.

मी हे केलं आणि मागे मापं घेतली तर गाडी चक्क डावीकडे कलली होती, डावी बाजू ९ मिलिमीटर खाली. टेप दोनदा लावला, गाडी उतरवून परत हलवून परत उचलून बघितलं, तेच. म्हणजे ज्या मागच्या उजव्या पाट्याला मी दोन अडीच वर्षं दोष देत होतो तो डाव्यापेक्षा उंच होता. दोष पुढे होता आणि मागचा उजवा बिचारा पुढच्याचं ओझं घेऊन उभा होता.

हे जरा समजावून सांगतो कारण परत परत का व्हायचं त्याचं उत्तर यातच आहे. बाजेचा एक पाय आखूड असला की बाज तिरक्या समोरासमोरच्या दोन पायांवर उभी राहते आणि बाकीच्या दोघांवर नुसती टेकते. माझा पुढचा उजवा बसलेला. गाडी सरळ दिसावी म्हणून मी मागचा उजवा उंच केला, त्यामुळं वजन मागचा उजवा आणि पुढचा डावा या तिरक्या जोडीवर गेलं. मागच्या उजव्यावर आधीच कॅन आणि टूलबॉक्स, त्यात हे. तो चार महिन्यांत बसणारच, मी कितीही कमान देऊन आणला तरी. आणि जितकी जास्त कमान तितकं जास्त वजन त्याच्यावर.

याची एक खूण मला आधीच मिळत होती, ती मी ओळखली नाही. ओढा ओलांडून वर चढताना पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक जागेवर फिरायचं, अगदी साध्या खड्ड्यात सुद्धा जिथं आधी गाडी सहज निघायची. मला वाटायचं टायर झिजले. खरं म्हणजे ती दोन चाकं हलकी झाली होती. डिफरन्शियल (एक्सलच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा गिअर) ओपन म्हणजे लॉक नसलेलं असल्यामुळं जे चाक हलकं ते फिरतं आणि दुसरं थांबतं. तुमची गाडी एका बाजूला बसतेय आणि तिरक्या जोडीची चाकं लवकर फिरतायत असं असेल तर वजन नीट वाटलं जात नाहीये हे नक्की समजा.

मग पुढचा उजवा पाटा खोलला. बाहेरून बघितलं तर काही नाही, मेन पाटा म्हणजे सगळ्यात लांब पट्टी अखंड, बुश (टोकाच्या भोकातलं रबर) ठीक, शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी हलती कडी) ठीक, फक्त यू बोल्टच्या (पाटा एक्सलला आवळून धरणारे बोल्ट) प्लेटच्या कडेला लालसर गंजाची बारीक रेघ. यू बोल्टचे नट हातानं सुटावेत इतके सैल. प्लेट काढली आणि दुसरा पाटा, म्हणजे मेनला लागून असलेली पट्टी, सेंटर बोल्टच्या (सगळ्या पट्ट्या मधोमध जोडणारा बोल्ट) भोकातून सरळ दोन तुकडे. दोन्ही तुकडे प्लेटनं दाबून धरलेले म्हणून गाडी चालत होती, पण त्यात जोर राहिला नव्हता. पाटा सेंटर बोल्टच्या भोकात सगळ्यात कमजोर असतो, यू बोल्ट घट्ट असले तर तो भाग वाकतच नाही, सैल झाले की सगळा बाक त्या भोकावर येतो आणि तिथूनच तडा जातो. तीन वर्षांपूर्वी एका ठिकाणी पुढचे बुश बदलले होते, तेव्हा हे यू बोल्ट खोलले गेले, त्यानंतर ते परत कुणी आवळले नाहीत, मी पण नाही. कंपनीच्या पाट्याचा यात काही संबंध नाही, तो इतकी वर्षं टिकला होता.

एक पाटा बदलून भागतं का असं बरेच जण विचारतात. माझं मत, पुढचे दोन्ही सेट एकत्र नवीन टाका. एका बाजूला नवीन आणि दुसऱ्या बाजूला वीस वर्षांचा असं केलं तर उद्या उलट्या बाजूचं रडगाणं सुरू. आणि जास्तीचा पाटा घालायचा सल्ला देणारे भेटतील, एका बाजूला एक पाटा वाढवा, सरळ होईल. सरळ होते, पण ती बाजू कडक होते, कच्च्या रस्त्यावर एक बाजू उडते आणि दुसरी दबते, आणि खड्ड्यात चाक खाली सुटायला पाहिजे तिथं सुटत नाही. आम्ही शेताला जाणारे लोक आहोत, आम्हाला चाक खाली सुटणं पाहिजे.

कमान करून आणण्याबद्दल पण स्पष्ट लिहितो. गार पाटा ऐरणीवर ठोकून कमान दिली तर ती टिकत नाही, हळूहळू परत बसतो. भट्टीत लाल करून वाकवला आणि तसाच गार होऊ दिला तर त्याचं पाणीच जातं, तो मऊ होतो. पाटा तापवून, कमान देऊन, तेलात पाणी देऊन (म्हणजे तेलात बुडवून एकदम गार करून) आणि परत टेंपर करून (म्हणजे थोडं तापवून ठिसूळपणा काढून) मिळत असेल तरच ते काम करा, आणि ते पण दोन्ही बाजूंचे एकत्र. ट्रक ट्रॅक्टरवाल्यांचे मोठे पाटे करणारे काही जण हे व्यवस्थित करतात, आधी विचारून घ्या.

नवीन पुढचे पाटे टाकल्यावर अपेक्षेप्रमाणं गाडी डावीकडे गेली, कारण मागचा उजवा अजून उंचच होता. मग मागचे दोन्ही खोलले, फरशीवर शेजारी शेजारी ठेवले, दोन्ही टोकांच्या बुशच्या भोकांच्या मध्यातून दोरा ताणला आणि दोऱ्यापासून सेंटर बोल्टजवळ मेन पाट्यापर्यंत अंतर मोजलं. उजवा १२ मिलिमीटर जास्त. दोन्ही एका चांगल्या पाटेवाल्या चाचांकडे दिले, या वेळी गाडी पण दाखवली, ते म्हणाले जोडी आहे, जोडीनंच करायला पाहिजे होतं. दोन्ही सारखे होऊन आले. इथं एक लक्षात घ्या, पाटे चाकांपेक्षा बरेच आत असतात, म्हणून पाट्याजवळचा छोटा फरक मडगार्डला मोठा होऊन दिसतो. पण एकाच एक्सलचा पाटा बदलला तर दुसरं एक्सल विरोध करतं, म्हणून हिशोब कागदावर पक्का बसत नाही, थोडं थोडं करून बघावं लागतं.

बसवतानाची एक चूक फार होते. पाट्याचे आणि शॅकलचे बोल्ट गाडी जॅकवर हवेत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. रबर बुश त्याच स्थितीत पकडला जातो, मग गाडी खाली आली की तो पिळतो आणि स्वतःच एका बाजूला स्प्रिंगसारखं काम करतो, दोन्ही बाजूंना कमी जास्त आवळलं गेलं की नवीन पाटे असून गाडी तिरकी. शिवाय रबर लवकर फाटतो. नट हातानं लावा, गाडी चाकांवर उतरवा, पुढे मागे करा, हलवा, मग आवळा. कुणाची गाडी नुकतंच काम करून आणल्यावर कलत असेल तर काही खोलायच्या आधी सगळे शॅकल नट सैल करून, गाडी हलवून, परत आवळून बघा. नुसत्या एवढ्यानं सरळ झालेल्या गाड्या बघितल्यात. यू बोल्ट मात्र नवीनच टाका, जुने ताणलेले असतात. आणि दीड दोनशे किलोमीटरनंतर परत आवळा, माझे त्या वेळी चारही बाजूंना थोडे थोडे फिरले. पुढची उंची बदलली की स्टिअरिंगचा मध्य पण हलतो, तो ड्रॅग लिंकवर (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणारा दांडा) जुळवून घ्या.

शॉकअप (शॉक अॅब्सॉर्बर) बदलून कल जाईल असं समजून बरेच जण तिथं पैसे घालतात. शॉकअप गाडीचं वजन धरत नाही, ते फक्त उसळी मारणं थांबवतं, वजन पाटे धरतात. तसंच पुढच्या हाउसिंगचा गोळा (डिफरन्शियलचा फुगीर भाग) एका बाजूला आहे म्हणून गाडी त्या बाजूला बसते असं पण ऐकलंय, तो एक्सलवरच आहे, त्याचं वजन पाट्यांवर येतच नाही, टायरवर येतं. पाटे जे धरून ठेवतात तेच मोजायचं, माणूस, बॅटरी, टाकी, सामान.

ज्यांच्याकडे महिंद्राची जुनी थार सीआरडीई आहे त्यांना पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) आहेत, तिथं अॅडजस्टमेंटचा बोल्ट असतो त्यामुळं लोकांना लगेच तोच फिरवावासा वाटतो. फिरवा, पण आधी वरची जॅकची परीक्षा करा, कारण दोष मागच्या पाट्यात असेल आणि तुम्ही पुढचा बार आवळला तर माझ्यासारखंच वजन तिरकं जाणार. फिरवताना गाडी उचलून भार काढा, किती फेरे दिले ते लिहून ठेवा, अर्ध्या फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी नको, आणि शेवटी अलाइनमेंट करून घ्या कारण उंचीबरोबर कँबर आणि टो (चाकाचा उभा आणि आडवा तिरकेपणा) दोन्ही बदलतात. २०२० नंतरच्या थारला सगळीकडे कॉइल म्हणजे वेटोळ्याच्या स्प्रिंगा आहेत, तिथं एका बाजूला पातळ पॅकर (चकती) घालतात. मागे सलग एक्सल आहे तिथं पाच मिलिमीटरचा पॅकर साधारण तेवढाच उचलतो, पुढे विशबोन (प्रत्येक चाक वेगळं धरणारे हलते हात) असल्यामुळं शॉकच्या डोक्यावर घातलेला पॅकर चाकापाशी त्याच्यापेक्षा बराच जास्त दिसतो, म्हणून तिथं जाडी कमीच घ्या.

आणि गाडी रिकामी असताना अगदी काट्यावर सरळ करायचा हट्ट धरू नका. मी बसलो की माझी गाडी उजवीकडे १२-१३ मिलिमीटर जाते, हे मोजलंय. म्हणून रिकामी असताना उजवी बाजू ४ मिलिमीटर उंच ठेवलीय, मी बसलो की ९ खाली. ते डोळ्याला दिसत नाही. कॅन आणि टूलबॉक्स डाव्या बाजूला हलवलं, त्यासाठी मागच्या फ्लोअरला दोन हूक बसवले, हात जरा लांब करावा लागतो पण आता सवय झाली.

मापं मी ड्रायव्हर दरवाजाच्या आतल्या पत्र्यावर मार्करनं तारखेसकट लिहून ठेवतो, चारही कोपऱ्यांची. पाटे बसवल्यानंतर पहिल्या महिन्यात चारही बाजू पाच सहा मिलिमीटर खाली आल्या, नवीन पाटा तेवढा बसतोच, पण चारही सारख्या आल्या. त्यानंतरची तिन्ही मापं एक दोन मिलिमीटरच्या आत आहेत, मधे सगळा पावसाळा गेला, आणि ओढ्यातून वर चढताना पुढचं उजवं चाक आता जागेवर फिरत नाही.